शेंग येते म्हणून नत्र मिळतेच असे नाही

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात ओळींमधील मोकळ्या जागेत टाकळा भरपूर उगवतो आणि बांधावर चिंच, आपटा व बाभूळ ही जुनी झाडे आहेत. शेंगा येणाऱ्या सर्व वनस्पती हवेतील नत्र जमिनीत आणतात, असे शाळेत शिकलो होतो, म्हणून मी टाकळा न उपटता फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडतो. यंदा मुलीने टाकळ्याची मुळे धुऊन पाहिली, तर त्यांवर एकही गाठ नव्हती. शेजारच्या पट्ट्यातील तागाला गाठी होत्या, पण थोड्याच. आमच्या जमिनीत जिवाणू कमी आहेत, की टाकळा शेंगवर्गातला नाहीच?

उत्तर : आपल्या मुलीचे निरीक्षण अचूक आहे आणि आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. टाकळा निःसंशय शिंबावंत, म्हणजे शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या, कुलातला आहे, परंतु हवेतील नत्र बांधणारे जिवाणू ज्यांत राहतात त्या गाठी त्याच्या मुळांवर येतच नाहीत. जमीन कितीही कसदार आणि जिवाणूंनी भरलेली असली तरी येणार नाहीत. या कुलाची ओळख शेंग ही आहे, गाठ नव्हे. शालेय पुस्तकांत या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या जातात आणि त्यातून हा गैरसमज पिढ्यान्पिढ्या टिकून राहिला आहे, याची मला खंत वाटते.

गाठींचे रहस्य १८८६ मध्ये जर्मनीतील हेल्रीगेल यांनी उलगडले. त्यांनी व त्यांचे सहकारी विल्फार्थ यांनी वाळूत वाढवलेल्या वाटाण्याची आणि ओटची तुलना केली. नत्र न दिलेल्या वाळूत ओट खुंटला. वाटाणा मात्र निर्जंतुक वाळूत खुंटला आणि शेतातील मातीचे थोडे पाणी घालताच जोमाने वाढला. १८८८ मध्ये नेदरलँड्समधील बायेरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळे करून वाढवले. मात्र हे प्रयोग वाटाणा आणि त्याच्यासारख्या पिकांवर झाले होते. त्यांचा निष्कर्ष संपूर्ण कुलाला लावला गेला, तिथे चूक झाली.

हे कुल फार मोठे आहे. त्यात सुमारे १९,५०० जाती असून सपुष्प वनस्पतींत सूर्यफुलाच्या व ऑर्किडच्या कुलांनंतर त्याचाच क्रम लागतो. पूर्वी फुलांच्या रचनेवरून त्याचे पलाश, शंकासुर आणि शिरीष असे तीन भाग केले जात. हरितलवकातील, म्हणजे पेशींतील हिरव्या कणांतील, एका जनुकाच्या आधारे हजारो जातींची तुलना केल्यावर ही विभागणी टिकली नाही आणि २०१७ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासकांनी मिळून सहा उपकुलांची मांडणी केली. या मांडणीत आपल्या बांधावरील आपटा कांचनासोबत एका उपकुलात जातो, तर चिंच अशोकासोबत दुसऱ्या उपकुलात. या दोन्ही उपकुलांत मुळांवर गाठी आढळत नाहीत. परंपरेने पंचवटीचे जे पाच वृक्ष सांगितले जातात, त्या वड, पिंपळ, बेल, आवळा आणि अशोक यांत शेंगेचा वृक्ष एकटा अशोक आहे आणि त्यालाही गाठी नाहीत.

उरलेल्यांपैकी पलाश उपकुलात, म्हणजे हरभरा, तूर, भुईमूग, ताग, करंज आणि गिरिपुष्प यांच्या घराण्यात, गाठी सर्रास येतात. शंकासुर उपकुलाचे चित्र मात्र संमिश्र आहे. शिरीष आणि बाभूळ आता याच उपकुलात धरले जातात आणि त्यांना गाठी येतात. टाकळा व बहावाही तिथलेच, पण त्यांना येत नाहीत.

एकाच घराण्यात असा भेद का पडला, हा आजच्या संशोधनातील अत्यंत रोचक प्रश्न आहे. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींच्या जनुकसंचांची तुलना करणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. गाठ तयार होण्याची सुरुवात करून देणारे ‘निन’ नावाचे जनुक गाठी नसलेल्या अनेक वनस्पतींत हरवलेले किंवा मोडलेले आढळले. त्यावरून, गाठी धरण्याची क्षमता पूर्वजांत एकदा आली आणि पुढे अनेक शाखांनी ती गमावली, असा तर्क मांडला गेला. ती अनेकदा स्वतंत्रपणे आली असावी, असे मानणारे अभ्यासकही आहेत. मला पहिला तर्क अधिक पटतो, कारण गाठ पोसणे महाग असते. जिवाणूंना वनस्पतीने स्वतः तयार केलेली साखर द्यावी लागते, आणि जमिनीत नत्र आयतेच मिळत असेल तर हा खर्च तोट्याचा ठरतो.

तागाला गाठी थोड्या असण्याचे कारणही यातच असावे. जमिनीत नायट्रेट मुबलक असले की वनस्पती नव्या गाठी धरत नाही आणि द्राक्षबागेच्या मातीत खतांचा नत्र बहुधा भरपूर असतो. म्हणून गाठींची संख्या पाहून थांबू नये. ताग चाळीसेक दिवसांचा झाला, की रोप न ओढता खुरप्याने मातीसकट काढावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि गाठ नखाने कापावी. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर ती गाठ काम करत आहे. हा रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातील एका प्रथिनाचा असतो. नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होते, म्हणून हे प्रथिन मोकळा प्राणवायू अत्यल्प ठेवते आणि जिवाणूंच्या श्वसनापुरता तो पुरवत राहते. पांढरी किंवा हिरवट गाठ नत्र देत नाही.

टाकळा गाडणे थांबवण्याची गरज नाही. पावसात वाहून जाणारा नत्र तो शोषून घेतो आणि कुजल्यावर परत देतो. मात्र तो नत्र मातीतलाच असतो, हवेतून आलेला नसतो, त्यामुळे खताचा हिशेब करताना टाकळ्याच्या नावावर नवा नत्र धरू नये. बांधावरील तीन झाडांपैकी गाठी फक्त बाभळीला येतात. जुन्या झाडाच्या मुळांवर त्या सापडणे अवघड असते, तेव्हा मुलीला बाभळीखाली उगवलेले एखादे लहान रोप खणून पाहायला सांगावे.