चोक ओढला तरच चालतो

प्रश्न : काका, धायरीला आमच्या सोसायटीत पाणी उपसायचा छोटा पेट्रोल पंप आहे, फोर-स्ट्रोक. गेल्या पावसाळ्यानंतर तसाच पडून होता. आता चोक सोडला की लगेच बंद पडतो. इंजिन खोलावं लागेल का?

उत्तर : अहो, इंजिनाला हात लावू नका! चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तेवढ्यावरच पंप चालतोय, म्हणजे कार्बोरेटरमधून (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून) पेट्रोल कमी येतंय. इतके महिने साठलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, बसतो. शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं.

पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा, कार्बोरेटरची खालची वाटी उतरवा. पितळी जेट काढून उजेडाकडे धरा. भोक अगदी गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. तार मात्र घालू नका. नाना पेठेत शिकाऊ असताना मी ती घातली होती. भोक मोठं झालं आणि गाडी काळा धूर ओकायला लागली. उस्तादांनी तो जेट आणि एक चांगला जेट माझ्या तळहातावर शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. कार्बोरेटर क्लीनर मारा, मग हवा मारा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा.

यंदा पंप ठेवून देताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, वाटी रिकामी होईल. पण तेव्हा पंपात पाणी हवंच, कोरडा चालवलात तर सील जळेल.