बडोद्यात घरच्यांसोबत राहून, कमी पैशात आणि एकटीने विचक्राफ्ट सुरू करता येईल का?

हो, येतं. आणि दीक्षेसाठी त्या ‘गुरू’ला ते अकरा हजार देऊ नकोस, हे सगळ्यात आधी सांगते, बाकीचं नंतर सावकाश वाचलंस तरी चालेल.

तू लिहिलंयस की तू बावीस वर्षांची आहेस, मांजलपूरला आईबाबांबरोबर राहतेस, विक्काबद्दल, म्हणजे विचक्राफ्टच्या आधुनिक पंथाबद्दल, वाचून आवड लागली, आणि इन्स्टावरच्या कुणी एका ‘गुरू’ने तुला सांगितलं की दीक्षा घेतल्याशिवाय एकटीने काही केलंस तर काहीतरी मागे लागेल. तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, माझी भाची तुझ्याएवढी आहे. मी दांडिया बाजारात राहते, आई गेल्यानंतर झोप उडाली होती त्या काळात हे सगळं वाचायला लागले आणि तेव्हापासून एकटीच करत आले, कुणाच्या ग्रुपमध्ये नाही, कुणाची शिष्य नाही.

आधी ती मागे लागण्याची भीती काढू. ज्याला आपण आज विक्का म्हणतो ते फार जुनं नाहीये. ब्रिटनमधला 1735 चा विचक्राफ्ट कायदा 1951 मध्ये रद्द झाला, त्यानंतर 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर नावाच्या एका रिटायर्ड कस्टम्स ऑफिसरने यावर पुस्तक काढलं, डोरीन व्हॅलिएंते या बाईंनी त्याचे बरेचसे मंत्र-प्रार्थना नव्याने लिहून काढल्या, आणि तिथून हे पसरलं. म्हणजे आपल्या आजीच्या पिढीतल्या माणसांनी जुन्या गोष्टी, लोककथा, स्वतःची कल्पना असं सगळं एकत्र करून बसवलेली ही पद्धत आहे. मला हे कळलं तेव्हा खूप मोकळं वाटलं, कारण त्यांनी बसवलं तर आपणही आपल्यापुरतं बसवू शकतो, आणि ‘हजारो वर्षांची गुप्त परंपरा फक्त माझ्याकडे आहे’ असं कुणी म्हणालं की तो काहीतरी विकतोय एवढं समजायचं. एकट्याने करणारे जगभर भरपूर आहेत.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, लाजू नकोस. काही जुन्या इंग्लिश ग्रुप्समध्ये कपड्यांशिवाय विधी करायची पद्धत आहे, ते खरं आहे, पण ती गोष्ट पुढे करून ऑनलाईन कुणी फोटो मागितले किंवा एकटीला फार्महाऊसवर बोलावलं तर तिथेच ब्लॉक कर. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाईनवर लगेच तक्रार कर, कुणी धमकावत असेल तर गुजरातमध्ये बायकांसाठी 181 अभयम हेल्पलाईन आहे, ते घरी पण येतात आणि नीट बोलतात. यात तुझी काहीही चूक धरायची नाही.

आता खर्चाचं. रील्समध्ये दिसतं ते सगळं, चांदीचा कप, सुरी, काळा झगा, कॅलिफोर्नियाहून आलेला व्हाईट सेज, यातलं काहीही लागत नाही. व्हाईट सेज तर घेऊच नकोस, तिकडच्या मूळ रहिवाशांची ती पवित्र वनस्पती आहे आणि जंगलातून ओरबाडून विकतात. आपल्याकडे गुग्गुळाचीही तीच गत आहे, झाड संपत चाललंय, म्हणून मी लोबान किंवा नुसता वाळलेला कडुनिंब वापरते. मांडवीच्या बाजूला गांधीच्या, म्हणजे मसाले-जडीबुटीवाल्याच्या, दुकानात लोबान, खडे मीठ, मोहरी, लवंग, दालचिनी, लाल धागा सगळं शंभर-दीडशे रुपयात येतं आणि वर्षभर पुरतं. फुलं खंडेराव मार्केटातून संध्याकाळी उशिरा घे, उरलेली स्वस्तात देतात. वाचायला सेंट्रल लायब्ररी आहे, सयाजीरावांनी 1910 साली सुरू केलेली, तिथे मराठी विभागात लोकाचार, व्रतं, वनस्पती यावर इतकं आहे की तुझी दोन वर्षं निघतील, आणि ते वाचणं मला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

क्रिस्टल्सबद्दल तू विचारलंस. ऑनलाईन ‘एनर्जाईज्ड’ म्हणून हजाराला जो दगड देतात तो बऱ्याचदा रंगवलेली काच असते. आणि अकीक आपल्या इथेच खंभातला घडवतात, पण ते घासताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात, अख्खी घरं त्यात गेलीयत. हे कळल्यापासून मी नवीन दगड विकत घेणं बंदच केलं. चांदोदला कधी गेलीस तर नर्मदेच्या काठचा एक गोटा आण, हातात धरून बसायला तो पुरे होतो. आणि कुठलाही दगड पिण्याच्या पाण्यात घालू नकोस, काहींमध्ये तांबं, शिसं, पारा असतो. पाऱ्याच्या वस्तू तर घरातच नको, कितीही सिद्ध केलेल्या म्हणाले तरी.

दोन वस्तू दिसल्या तर दुकानातून सरळ बाहेर पड. एक हत्थाजोडी, मूळ म्हणून विकतात पण ते घोरपडीचं जननेंद्रिय असतं, आणि दुसरी सियारसिंगी, कोल्ह्याच्या नावावर चालते. घुबडाचं पीस, नख, काहीही असो, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे, आणि कायदा राहू दे, दिवाळीच्या आसपास त्या मुक्या पक्ष्यांचं काय करतात ते ऐकलं तरी पोटात ढवळतं.

सेफ्टीमध्ये लोक भुताखेतांचं विचारतात, मला जास्त काळजी आगीची आणि विषाची वाटते. मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत वाळू घालून त्यात ठेव, पंखा बंद, ओढणी काढून, केस बांधून, आणि तिला सोडून झोपायला जायचं नाही. निखाऱ्यावर लोबान टाकायचा तर गॅलरीत किंवा खिडक्या सताड उघडून, बंद खोलीत कोळसा जाळला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातं. कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नकोस, खडीसाखर समजून खातात आणि फिट येते. मांजर असेल तर टी ट्री सारखी तेलं घरात आणूच नको. आणि झाडं: धोतरा, कण्हेर, गुंज. तिन्ही बडोद्यात रस्त्याकडेला मिळतात, तिन्हींचे ‘विची’ फोटो छान येतात आणि तिन्ही जीव घेऊ शकतात. कण्हेर तर जाळायची पण नाही, धूरसुद्धा विषारी. धोतऱ्याने भास होतात म्हणून काही लोक मुद्दाम घेतात आणि आयसीयूत पोचतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. चहात घालायचं तर आई रोज जे घालते तेवढंच, तुळस, आलं, गवती चहा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या कुठल्याही विधीसाठी थांबवायच्या नाहीत.

आता करायचं काय ते. पहिले काही महिने नुसतं चंद्राकडे बघ. कालनिर्णय घरात असेलच, अमावास्या-पौर्णिमा त्यात आहेत, रात्री अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, जाऊन दहा मिनिटं बस आणि खाली येऊन वहीत लिही, झोप कशी, मूड कसा, पाळी कधी, आकाश कसं. कंटाळवाणं वाटेल पण बाकी सगळं याच्यावर उभं राहतं. इंग्लिश पुस्तकातले आठ सण जसेच्या तसे उचलू नको, ते तिकडच्या शेती आणि हवामानाचे आहेत, एक मे ला ते वसंत साजरा करतात आणि इथे बेचाळीस डिग्री असते, कसला वसंत. आपलं चक्र आपल्यासमोर आहे. दिव्यांची अमावास्या, पहिला पाऊस, सर्वपित्री, कोजागिरी, उत्तरायण. 31 ऑक्टोबरला ते गेलेल्यांची आठवण काढतात, त्याच्याच आगेमागे आपल्या शेजारच्या गुजराती काक्या काळी चौदसला चौकात वडे ठेवून घरातला ककळाट, म्हणजे भांडण-कटकट, बाहेर काढतात. माझ्या आजीने मीठ-मोहरी-मिरची ओवाळून दृष्ट काढली तेव्हा तिला कुणी विच म्हटलं नाही, पण हात त्याच कामाला लागले होते, मी ते तिच्याकडूनच घेतलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

घरी कुणाला सांगायचं नसेल तर माझी आवडती पद्धत रांगोळी. सिजिल म्हणजे आपल्या इच्छेचं वाक्य लिहून, अक्षरं गाळत गाळत त्याचं एक चिन्ह बनवायचं, ऑस्टिन ऑस्मान स्पेअर नावाच्या इंग्लिश चित्रकाराने ही पद्धत रुजवली. ते चिन्ह मी सकाळी उंबऱ्याशी ठिपक्यांच्या रांगोळीत घालते. दिवसभर माणसं ओलांडून जातात, दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून टाकायचं, काम झालं. कुणी विचारत नाही, उलट शेजारीण डिझाईन मागते. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री लाल धाग्याला नऊ गाठी मारायच्या, प्रत्येक गाठीला आपण काय तयारी केलीय ते एकेक मोठ्याने म्हणायचं, धागा पर्समध्ये. यामुळे बाहेरचं जग बदलतं असा दावा मी करणार नाही. मी सावरते, लक्ष एका ठिकाणी येतं, आणि माझ्यासाठी ते पुष्कळ आहे. आईच्या देवघरातलं काही न विचारता उचलायचं नाही एवढं मात्र पाळ, ती तिची जागा आहे.

आणि हे नीट वाच, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. दुसऱ्या माणसावर काही करायचं नाही. कुणाचे केस, फोटो घेऊन त्याला ‘वश’ करायचं नाही, एक्सवर राग काढायला बाहुली करून टाचण्या टोचायच्या नाहीत, लिंबू-कुंकू कुणाच्या दाराशी किंवा लिफ्टमध्ये टाकायचं नाही. तुला तो खेळ वाटेल, पण ज्याला ते सापडतं तो घाबरतो, मग करणी कुणी केली याचा शोध सुरू होतो आणि बोट शेवटी एखाद्या विधवेकडे, एकट्या राहणाऱ्या बाईकडे जातं. आपल्यापासून दोन-तीन तासांवर छोटाउदेपूर, दाहोदकडे आजही बायकांना डाकण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात, भुवा, म्हणजे तिकडचा मांत्रिक, नाव घेतो आणि गाव विश्वास ठेवतं. आपण शहरात बसून हौसेने जे नाव मिरवतो त्याच नावाखाली त्या मार खातायत, हे मनात ठेवूनच मी हे करते. कधी कुणी तुझ्यासमोर म्हणालं की अमकीने काहीतरी केलंय, तर तिथेच ठामपणे नाही म्हण. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, गुजरातने 2024 मध्ये तसाच केला. आपल्या घरी दिवा लावणं, प्रार्थना, व्रतं याला तो हात लावत नाही, पण अघोरी प्रकार, भूत काढतो म्हणून मारहाण, चमत्काराच्या नावावर फसवणूक याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उद्या तू टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते, वाचायला लागलीस आणि कुणी आजाराचं विचारलं तर डॉक्टरकडे पाठव, आजार बरा करतो अशी जाहिरात केलीस तर 1954 चा वेगळा कायदा लागू होतो.

विधीचं सामान विश्वामित्रीत सोडायला तर मुळीच जाऊ नको, ते पण रात्री. त्या नदीत शेकड्याने मगरी आहेत, 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, तू पाहिलंच असशील. फुलं-पानं कुंडीत पुर, मिठाचं पाणी बेसिनमध्ये ओत.

आवाज ऐकू यायला लागले, दिवसेंदिवस झोप नाही, कुणीतरी पाळत ठेवतंय असं सारखं वाटायला लागलं, तर सगळं बाजूला ठेवून 14416 ला फोन कर, टेली-मानस आहे, फुकट आहे, मराठीत पण बोलतात. तो ‘गुरू’ तुला सांगेल की शक्ती जागृत झाली. नाही, तुला तेव्हा डॉक्टर आणि झोप हवी असते.

टॅरोचा डेक नंतर घे. ज्यावरून आजचे बहुतेक डेक निघालेत तो 1909 मध्ये पामेला कोलमन स्मिथ या बाईने काढला, 78 पानांचा, आणि तिला त्याचे फार थोडे पैसे मिळाले. तोवर घरातले पत्ते चालतात. बदाम म्हणजे कप, मनाच्या गोष्टी. चौकट म्हणजे पैसा, शरीर, घर. किलवर म्हणजे काम आणि उत्साह. इस्पिक म्हणजे विचार, भांडणं, काळजी. रोज सकाळी एक पान काढ, काय वाटलं ते दोन ओळीत त्याच चंद्राच्या वहीत लिही आणि रात्री परत वाच. एकाच प्रश्नाला हवं ते उत्तर येईपर्यंत परत परत पानं काढायची नाहीत, पहिलं आलं ते आलं.