ड्रेस्डेनमधले शनिवार-रविवार, आणि मैत्रीचं काय?

ऑक्टोबरपासून मास्टर्ससाठी ड्रेस्डेनला निघालीयेस. तू विचारलंस की अभ्यास, व्हिसा, नोकरी याबद्दल सगळे भरभरून सांगतात, पण शनिवार-रविवारी तिथे माणूस करतो काय? जर्मन मुलामुलींशी मैत्री होते, की आपलीच चार टाळकी धरून दोन वर्षं काढायची? मी तिथेच शिकले, आता तिथेच नोकरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मैत्री होते, पण पहिल्या महिन्यातल्या ओळखींवर फार भिस्त ठेवू नकोस. परदेशी विद्यार्थ्यांसाठी तेव्हा कार्यक्रमांची रेलचेल असते, सगळे सगळ्यांचे नंबर घेतात आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्यातले निम्मे कुणाचे हेही आठवत नाही. जर्मन मुलं तुसडी असतात असं जे ऐकलंयस ते खरं नाही. त्यांचे दिवस आधीच भरलेले असतात. शाळेपासूनचे मित्र, एखादा क्लब, महिन्यातून एकदा घरी जाणं. ‘चल गं, आत्ता निघू’ हा प्रकार तिथे क्वचितच चालतो. पुढच्या-पुढच्या शनिवारचं ठरतं आणि ठरलं की ठरलं. तेव्हा दर आठवड्याला तीच तीच तोंडं दिसतील अशी एक जागा धर. वीकेंड आपोआप त्यातूनच निघतात.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे विद्यापीठाचं क्रीडा केंद्र. विद्यार्थ्यांना सेमिस्टरभराचे वर्ग अगदी कमी पैशांत मिळतात. पोहणं, व्हॉलीबॉल, नाच, गिर्यारोहण, काय हवं ते. नोंदणी ऑनलाइन, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला उघडते आणि लोकप्रिय वर्ग बघता बघता भरतात, म्हणून लॅपटॉप उघडून तयार बस. खेळाची आवड नसेल तर विद्यार्थ्यांनीच चालवलेले क्लब बघ. तिथे गाणी ऐकायला जाण्यापेक्षा काउंटरमागे उभं राहून मदत करायला नाव दे. पाहुणी म्हणून गेलीस तर कुणी लक्ष देणार नाही. ग्लास विसळायला लागलीस की तू त्यांच्यातली.

मी गिर्यारोहण घेतलं. ड्रेस्डेनला राहून ते न करणं म्हणजे मला तरी करंटेपणा वाटतो, कारण एस-१ लोकलने पाऊण तासात तू सॅक्सन स्वित्झर्लंडमध्ये असतेस. नाव स्वित्झर्लंड असलं तरी बर्फ विसर. एल्बे नदीच्या काठाने उभे वालुकाश्माचे सुळके आहेत. राटेन स्टेशनला उतरून नावेने पलीकडे जायचं. ती नाव बघच. इंजिन नाही, नदीत नांगरलेल्या दोराला बांधलेली असते, तिरकी केली की प्रवाहच तिला काठाला नेतो. वर बास्टाय नावाच्या कड्यावर १८५१ मधला दगडी पूल आहे, नदीपासून जवळपास दोनशे मीटर उंचीवर. रविवारी दुपारी तिथे जत्रा असते, त्यामुळे एकदा पाहून घे आणि पुढच्या वेळी श्रामश्टाइन सुळक्यांवरच्या लोखंडी शिड्यांकडे वळ.

खरी मजा मात्र दोर घेऊन चढणाऱ्यांबरोबर. १८६४ मध्ये तिथल्याच बाड शांडाउ गावच्या काही व्यायामपटूंनी फाल्केनश्टाइन सुळका सर केला, तेव्हापासून या भागाची स्वतःची शिस्त तयार झाली. दगड मऊ, म्हणून भेगेत धातूची साधनं अडकवायची नाहीत. दोराच्या गाठी मारून त्याच भेगेत घट्ट बसवायच्या. हाताला पांढरी पावडर लावायची नाही. आणि ओल्या दगडावर चढायचं नाही, कारण भिजला की तो ठिसूळ होतो. आमच्या गटातल्या लाइपझिगच्या एका मुलीने माझं नाव विचारायच्या आधी माझ्या कमरेची गाठ ओढून पाहिली, मान हलवली आणि सोडून पुन्हा मारायला लावली. पुढे तिच्याशी मैत्री झाली ती चढताना नव्हे, तर पावसानंतर दगड वाळायची वाट बघत खाली बसून राहावं लागलं तेव्हा. थर्मासमधली कॉफी, ओले बूट, आणि तास-दीड तास करायला काही नाही. माझं तोडकंमोडकं जर्मन तिथेच सुटं झालं. चढलो की माथ्यावर डबीत वही असते, तिच्यात नाव-तारीख लिहायची. देवनागरीत लिहिलंस तरी कुणी काही म्हणत नाही.

प्रवासाचा खर्च फारसा नाही. देशभरच्या साध्या गाड्या, ट्राम, बस सगळ्यांना चालणारं मासिक डॉइचलांडतिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ते ६३ युरो आहे. विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त आवृत्ती बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर शुल्कातच येते. आयसीई, आयसीसारख्या लांबच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. या तिकिटावर ग्योर्लिट्सला जा. जुनं देखणं गाव आणि पूल चालत ओलांडला की पोलंड. प्राग सव्वादोन-अडीच तासांवर आहे, पण त्याचं तिकीट वेगळं आणि चलनही. सीमेपलीकडे जाताना पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिट दोन्ही जवळ ठेव, गाडीत तपासणी होते. ‘दोन दिवसांत तीन राजधान्या’ छाप सहली मला विचारशील तर फुकटची दमणूक.

रविवारी दुकानं बंद असतात, वाणसामान शनिवारीच भर. रविवारी भिंतीला ड्रिल लावलंस तर शेजारी दार ठोठावतील. रात्री सव्वाआठला टीव्हीवर गुन्हेमालिका लागते, पुष्कळ घरांत ती एकत्र बसून बघतात. फ्लॅटमेटने बोलावलं तर जा, कळो न कळो.

आपल्या लोकांना टाळू नकोस, तापाने फणफणलीस तर वरणभात घेऊन तेच येणार आहेत. फक्त सगळे शनिवार त्यांना देऊ नकोस. आणि सगळे शनिवार कामालाही नको. आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण वीकेंडच्या शिफ्टा घेतल्यास की वर सांगितलेलं सगळं हातचं जातं. शक्यतो आठवड्यातल्या संध्याकाळी माग.

आणखी एक, तूही विचारलं असतंसच. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे तिथे, परदेशी लोकांविरुद्धचं राजकारण आहे, मोर्चेही निघालेत. शहरात मला रोजचा त्रास नाही. आडगावातल्या स्टेशनवर शनिवारी रात्री उशिरा मात्र एकटी थांबू नकोस, परतीची गाडी आधी बघून ठेव.

डिसेंबरात चारला अंधार पडतो. तेव्हा बाहेरचं कमी आणि घरातल्या बोर्ड गेम्सचं जास्त चालतं. कुणाच्या घरी गेलीस तर काहीतरी खायचं करून ने. एकत्र केलेल्या खर्चाचा हिशोब सेंटपर्यंत होतो, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा वाढदिवस असेल तेव्हा केक तूच न्यायचा असतो. आणि दुसऱ्याला आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात.