कागद बँकेनं हरवले, तर ‘माझ्याकडून हरवले’ असं लिहून देऊ नका

प्रश्न : 2008 साली आम्ही गृहकर्ज काढून कोल्हापुरात फ्लॅट घेतला. 10 जानेवारी 2025 रोजी सगळं कर्ज फिटलं, त्याच दिवशी ‘नो ड्यूज’चा दाखलाही हातात पडला. मूळ कागद मात्र ‘मुंबईहून येतील’ म्हणाले. सात-आठ हेलपाटे झाले. आता म्हणतात, फाइल सापडत नाही; तुम्ही पोलिसांत कागद गहाळ झाल्याची तक्रार द्या, प्रतिज्ञापत्र करा, मग पुढचं बघू. फ्लॅट विकून आम्हाला मुलीजवळ पुण्याला जायचंय. गिऱ्हाईक आहे, पण मूळ करारपत्राशिवाय त्याची बँक कर्ज देत नाही. प्रतिज्ञापत्र करून मोकळं व्हावं का? (पत्राची तारीख : 20 जून 2025)
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, नका करू. बाकीचं पुढे सांगतो, पण ही सही आधी थांबवा.

एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली नऊ वर्षं गहाणाच्या कागदांची जबाबदारी माझ्याकडे होती. लोखंडी कपाटाला दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक मॅनेजरसाहेबांकडे. प्रत्येक पाकिटावर खातेदाराचं नाव, आतल्या कागदांची यादी, पानांचा आकडा. पाकीट कपाटाबाहेर काढायचं तर रजिस्टरला सही. म्हणजे तुमचं पाकीट शेवटी कुणाच्या सहीनं कुठे गेलं, हे बँकेच्याच दप्तरात असायला हवं. ते शोधायचं सोडून तुम्हाला पोलीस ठाण्यात पाठवतात, कारण तुमच्या नावची तक्रार झाली की कागद तुमच्याकडून गहाळ झाले असा अर्थ निघतो. उद्या भरपाई मागायला गेलात, तर तीच तक्रार तुमच्यासमोर ठेवतील.

आमच्या शाखेत एकदा एका मास्तरांचं पाकीट त्याच आडनावाच्या दुसऱ्या खातेदाराच्या गठ्ठ्यात गेलं. पाच महिने ते दर सोमवारी काउंटरपाशी येऊन उभे राहायचे. पाकीट सापडलं तेव्हा आम्ही त्यांची माफी मागितली. त्यापलीकडे देण्यासारखा नियमच तेव्हा नव्हता. तो माणूस अजून डोळ्यांसमोर येतो.

आता नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं 13 सप्टेंबर 2023 ला काढलेल्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत सगळे मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. उशीर झाला तर कारण कळवायचं. आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. 1 डिसेंबर 2023 किंवा त्यानंतर कागद परत करायची वेळ आली, अशा सगळ्यांना हे लागू आहे. तेव्हा कर्ज 2008 चं आहे, या सबबीला अर्थ नाही. सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही यात आल्या.

तुमचे 30 दिवस 9 फेब्रुवारीला संपले. तिथून पत्राच्या तारखेपर्यंत 131 दिवस, म्हणजे 6,55,000 रुपये. मात्र कागद खरोखर हरवले असतील, तर बँकेला आणखी 30 दिवस मिळतात. मग मोजणी 11 मार्चपासून, 101 दिवस, 5,05,000. याशिवाय दुय्यम किंवा प्रमाणित प्रती मिळवायला मदत करायची आणि त्याचा खर्च सोसायचा, हेही बँकेवरच. मॅनेजरांसमोर हा हिशेब ठेवा. हरवल्याचं लेखी कबूल केलं तर बँकेचेच दीड लाख वाचतात.

शाखेला आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) एकच पत्र द्या : कर्ज फिटल्याची तारीख, कागदांची यादी, भरपाईची मागणी, आणि ‘कागद आपल्या ताब्यात असताना हरवले, असं लेखी द्यावं’ हे वाक्य. स्थळप्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलणं धरू नका. पोलिसांत तक्रार द्यायची तर ती बँकेनं, स्वतःच्या नावानं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. व्यवहार मोडला तर ते नुकसान जिल्हा ग्राहक आयोगात वेगळं मागता येतं. 5,000 चा नियम त्याच्या आड येत नाही.

गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तुमचा करार जिथे नोंदला त्या दुय्यम निबंधक कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी या आठवड्यातच अर्ज करा, सोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्त नोंदणीचा उताराही घ्या. पावत्या बँकेकडून वसूल करायच्यात, जपून ठेवा. सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) त्याच पाकिटात असेल तर सोसायटीला पत्र देऊन दुय्यम प्रत मागा. ताबापत्रासारखे नोंदणी न झालेले कागद मात्र निबंधकाकडे मिळत नाहीत, आणि खरं नुकसान तिथेच आहे. ते पत्रात ठळक लिहा.

घरात 2008 ची फाइल उघडून बघा. कागद जमा करताना यादीवर तुमच्या दोघांच्या सह्या घेतल्या असतील, तिची एक प्रत त्यात असण्याचा संभव आहे. नसेल तर कर्जाच्या फायलीतली मागा. ती हाती आली की मला पुन्हा लिहा. पत्राचा मसुदा मी करून देईन.