साडेआठचा पाऊस

"मॅडम, लोक ह्याला हुच्च म्हणत्यात. खरंच वेडबिड लागलंय का वो?"

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो. कधी मुलाबद्दल, कधी नवऱ्याबद्दल, एकदा तर सासूबद्दल. हुच्च म्हणजे कानडीत वेडा; आपल्याकडच्या मराठीत तो घरच्यासारखा वावरतो.

या मावशी खानापूरकडच्या. मुलगा सव्वीसचा, उद्यमबागेत फौंड्रीत दुसऱ्या पाळीला. रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितो. थेंब नसला तर शून्य. तुळशीच्या लग्नानंतर मुलीकडचे आले, तेव्हाही कोरड्या आभाळाखाली शून्य लिहायला पोह्यांची बशी ठेवून उठला. स्थळ मोडलं.

आधी मी विचारायचं ते विचारलं. झोप? जेवण? पगार घरात देतो? कुणी पाळतीवर आहे, कानात कुणी बोलतं, असं म्हणतो? अलीकडे एकदम बदलला? यातलं काही असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. तिथं घरच्यांनी दिवस घालवू नयेत. इथं तसलं काही नव्हतं. नववीपासून असाच.

गुरुजी त्याला 'विक्षिप्त' म्हणाले होते. मी उत्साहानं सांगितलं, योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी आहेत, त्यात विक्षिप्त तिसरी, एकाग्रच्या लगेच खाली.

"ते असूदे, मॅडम. लग्नाचं बोला."

मग मी कागद घेतला. कोण काय म्हणतं? मुलीकडचे हुच्च, फौंड्रीतले चक्रम, शेजारी तऱ्हेवाईक, मावशी स्वतः खुळा.

"घराण्यात आणखी कुणी असं?"

"छे! सासरे तेवढे वल्ली होते. आगोटीला दारात कळशी ठेवून पाणी बोटानं मोजायचे. त्यांना विचारल्याबिगर गावात पेरा व्हायचा न्हाई."

बोलता बोलता त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मीही गप्प राहिले, आणि त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं काम तेवढंच.

"म्हणजे ह्याचं आन् त्यांचं एकच की वो!"

एकच. फक्त सासऱ्यांच्या नावावर भाताची शेती होती. वल्ली आला अरबीतल्या 'वली'वरून, म्हणजे देवाजवळचा माणूस. जमीनवाला मोजतो तो वल्ली, पगारी पोरगा मोजतो तो चक्रम. शब्द माणसाची पत सांगतो, प्रकृती नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या पठडीतली; कृतीला काय ते नाव द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका, एवढं एकच मी वीस वर्षं घोकतेय. पण ते मावशींच्या तोंडून आलं म्हणून लागू पडलं.

पुढच्या खेपेला मुलगा आला. साडेआठच का, विचारल्यावर म्हणाला, "हवामान खातं त्याच वेळेला मोजतंय."

मावशींनी परवा फोन केला. नवीन स्थळ आलंय.

"दहाला या म्हटलंय त्यांना. साडेआठला आमच्यात पाऊस मोजत्यात."