जुन्या घराचा राडारोडा नवीन घराच्या पायात भरला तर चालतो का? जमीन काळी आहे, पुण्याजवळ.

चालतो, आणि मी तर म्हणेन वापराच, पण फुटिंगखाली, म्हणजे कॉलमच्या पायाखाली, अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की घर पाडताय आणि खाली काळी माती आहे, मग कॉलमचं फुटिंग काळी माती पूर्ण ओलांडून कडक मुरमावर किंवा खडकावरच बसू द्या. राडारोडा जोत्याच्या भरावात, फरशीखाली, पार्किंगखाली वापरा.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशा उचलल्या जातात त्या यामुळेच. काँक्रीट-विटांचा चुरा फुगत नाही, त्यामुळे तो मातीत मिसळला की फुगणारा भाग कमी होतो, कण एकमेकांत अडकतात आणि सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद, वाढतो. प्रमाण मात्र लॅबकडूनच ठरवून घ्या, सोबत फ्री स्वेल टेस्टही सांगा: १० ग्रॅम वाळलेली चाळलेली माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात, रॉकेलमध्ये माती फुगत नाही म्हणून फरक लगेच कळतो.

आता खरी काळजीची गोष्ट. काळ्या मातीत खड्डा खणून नुसते तुकडे ओतले तर ती पाण्याची टाकीच होते, सगळं पावसाचं पाणी आत जाऊन बसतं आणि खालची माती आणखी फुगते, म्हणजे भराव घालून नुकसानच. म्हणून मोठी ढेकळं फोडून घ्या, बारीक चुरा आणि मुरूम मिसळून पोकळ्या भरा, १५० मिमीचा एकेक थर पाणी मारून रोलरने नाहीतर धुम्मसने दाबा, आणि घराभोवती बाहेर उताराची फरसबंदी कराच.

पीओपी, जिप्सम बोर्ड, लाकूड, प्लास्टिक आधीच वेचून काढा. जिप्सममधलं सल्फेट वाईट, विशेषतः माती सुधारायला चुना घालणार असाल तर, कारण चुना, सल्फेट आणि चिकणमाती पाण्यात एकत्र आले की जे तयार होतं ते स्वतःच फुगतं. सळ्या भंगारवाला नेईलच.

तरी राडारोडा उरला तर कुठल्या टेम्पोवाल्याला 'कुठंतरी टाक' म्हणून देऊ नका हो, तो मुठेच्या पात्रात नाहीतर ओढ्यात जातो आणि मग पावसाळ्यात पाणी खालच्या वस्त्यांमध्ये शिरतं. पुणे महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचा मोशीला, आणि नियमांनुसार आपला राडारोडा नीट पोचवायची जबाबदारी आपलीच आहे.

फुटिंगची खोली किती हे मात्र ट्रायल पिट (चाचणी खड्डा) घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवा.