भुयारी मेट्रोत शिरलेलं पाणी उपसल्यावर गाड्या लगेच का सुरू होत नाहीत?

कारण खरा वेळ उपशानंतरच्या कामात जातो. न्यू यॉर्कचं बघा. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळात समुद्राचं पाणी तिथल्या सबवेत, म्हणजे भुयारी मेट्रोत, घुसलं. वादळाआधीच सेवा थांबवून गाड्या उंचावर नेऊन ठेवल्या होत्या. हा निर्णय मोलाचा ठरला. १ नोव्हेंबरला काही मार्ग सुरूही झाले.

पण खारं पाणी फार वाईट. ते ओसरलं तरी मीठ मागे राहतं, ओल धरून ठेवतं आणि सिग्नलचे रिले (विजेवर चालणारे स्विच), केबलचे जोड, पंपांच्या मोटारी आतून गंजत राहतात. आज नीट चालणारा रिले काही महिन्यांनी दगा देऊ शकतो, आणि सिग्नल म्हणजे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न. त्यामुळे एकेक भाग धुऊन, सुकवून तपासावा लागतो, नाहीतर सरळ बदलावा लागतो. नदीखालचा माँटेग्यू बोगदा आधी तात्पुरता सुरू केला, मग ऑगस्ट २०१३ मध्ये दुरुस्तीसाठी पुन्हा बंद केला. तो उघडला सप्टेंबर २०१४ मध्ये. साउथ फेरीचं नवं स्थानक तर थेट २०१७ मध्ये.

मुंबईत मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक स्थानकात शिरलं ते पावसाचं पाणी, म्हणजे मिठाचा त्रास नाही. तरी विजेच्या यंत्रणेची तपासणी तिथेही टाळता येत नाही.